राज्याने बंद केलेली नोंद आणि नागरिकत्वाच्या अर्जातला प्रश्न

एडिसन, न्यू जर्सी येथून एका भगिनीने पत्र लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहे.

"२०१४ साली मी पतींबरोबर ग्रीन कार्डावर इथे आले. २०१६ च्या हिवाळ्यात एका दुकानातून साठ-पासष्ट डॉलरची सौंदर्यप्रसाधने पैसे न देता पिशवीत घालून मी बाहेर पडले. का केले, याचे उत्तर आजही माझ्यापाशी नाही. दुकानाच्या माणसाने अडवले, पोलीस आले, ठाण्यावर बोटांचे ठसे घेतले आणि समन्स हातात देऊन दोन तासांनी सोडले. म्युनिसिपल कोर्टात मी आरोप कबूल केला, दंड भरला, सांगितलेली समाजसेवा पूर्ण केली. माझ्या पतींखेरीज हे कोणालाही ठाऊक नाही. आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे, आणि एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात नोकरीची संधीही आली आहे. आमचे अर्ज भरून देणारे एक गृहस्थ म्हणतात, की आधी रेकॉर्ड सील करून घ्या, मग कायद्याने ती घटना घडलीच नाही असे होते आणि सगळीकडे 'नाही' लिहिता येते. हे खरे आहे का? आणि या खटाटोपात ही गोष्ट सासरी कळेल का?"

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी त्या गृहस्थांच्या सल्ल्याविषयी लिहिते, कारण तो ऐकून तुम्ही घाईने एखाद्या अर्जावर सही कराल अशी मला धास्ती वाटते. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. न्यू जर्सीचा कायदा तुम्हाला ही नोंद बंद करून घेण्याचा मार्ग देतो, आणि ती बंद झाल्यावर नोकरी देणाऱ्याला 'माझ्यावर असा खटला झालेला नाही' असे सांगण्याची मुभाही देतो. पण ही मुभा राज्याने दिलेली आहे, आणि नागरिकत्व राज्य देत नाही, संघराज्याचे सरकार देते. राज्याने मिटवलेले प्रकरण इमिग्रेशन खात्याच्या लेखी मिटलेले नसते. नोंद बंद झाली तरी आणि न झाली तरी, नागरिकत्वाच्या अर्जात तुम्हाला 'हो' असेच लिहावे लागेल.

हा गोंधळ होतो तो बहुधा आपण भारतातली चौकट मनात धरून बसलेले असतो म्हणून. तिकडे फौजदारी कायदा देशभर जवळपास एकच असतो, आणि नोंद म्हटली की पोलीस ठाण्यातली चारित्र्य पडताळणी डोळ्यांसमोर येते. प्रौढ माणसाची जुनी शिक्षा ठरावीक वर्षांनी लोकांच्या नजरेआड करणारा सर्वसाधारण कायदा तिकडे नाही; अल्पवयीनांसाठी बाल न्याय अधिनियमात तशी तरतूद आहे, तेवढीच. अमेरिकेत गुन्ह्यांचे कायदे मुख्यतः राज्याराज्यांचे असतात, म्हणून नोंद बंद करण्याचे कायदेही प्रत्येक राज्याचे निराळे असतात, आणि संघराज्याच्या न्यायालयात झालेल्या शिक्षेसाठी तर असा सर्वसाधारण कायदाच नाही. एका राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव दुसऱ्या राज्यात लागू पडेल असे धरून चालणे इथे फार महागात पडते.

शब्दही फसवे आहेत. 'सील' आणि 'एक्स्पंज' हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, पण त्यांचा अर्थ राज्य ठरवते. टेक्सासमध्ये 'एक्स्पंक्शन' म्हणजे नोंद नष्ट करणे, आणि ते प्रामुख्याने निर्दोष सुटलेल्या किंवा खटला निघून गेलेल्या माणसासाठी असते. तिथला 'नॉनडिस्क्लोजर'चा आदेश नोंद फक्त सामान्य लोकांपासून झाकतो, पोलीस आणि काही परवाना मंडळे ती पाहू शकतात. कॅलिफोर्नियात शिक्षेनंतर खटला 'डिसमिस' करून घेण्याचा जुना मार्ग आहे, परंतु त्यामुळे नोंद पुसली जात नाही, तिच्यापुढे 'डिसमिस' असा शेरा पडतो. तुमच्या न्यू जर्सीत अधिकृत शब्द 'एक्स्पंजमेंट' आहे. तो ऐकून खोडरबराची आठवण होते, पण कायद्यातील व्याख्येप्रमाणे त्याचा अर्थ नोंद बाजूला काढणे, सील करणे, वेगळी ठेवणे असा आहे. कागद उरतोच, फक्त तो मागणाऱ्याला दाखवला जात नाही.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात मोठा बदल झाला आहे, आणि तो मला मनापासून स्वागतार्ह वाटतो. पूर्वी प्रत्येकाने वकील गाठून अर्ज करायचा, अशी पद्धत होती. ज्यांना नोंद बंद होण्याची सर्वाधिक गरज असे त्यांनाच ते परवडत नसे. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये 'क्लीन स्लेट' नावाचा कायदा केला आणि २०१९ च्या जूनपासून पात्र नोंदी अर्जाशिवाय, संगणकाद्वारे आपोआप सील करायला सुरुवात केली. असे करणारे ते पहिले राज्य. त्यानंतर युटा, मिशिगन, कनेटिकट आणि इतर काही राज्ये त्या वाटेने गेली. न्यू यॉर्कचा कायदा १६ नोव्हेंबर २०२४ रोजी अमलात आला: तिथे किरकोळ गुन्ह्यांसाठी ३ वर्षांची आणि 'फेलनी' म्हणजे गंभीर गुन्ह्यांसाठी ८ वर्षांची वाट पाहावी लागते, लैंगिक गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, आणि जुन्या नोंदी बंद करण्यासाठी न्यायालयीन यंत्रणेला २०२७ च्या नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे. न्यू जर्सीनेही २०१९ च्या डिसेंबरमध्ये कायदा करून शेवटच्या शिक्षेपासून १० वर्षांनी बहुतेक सगळी नोंद एकाच अर्जात बंद करण्याचा मार्ग खुला केला आणि पुढे हे आपोआप व्हावे असेही ठरवले. तुम्ही मात्र आपोआप होण्याची वाट पाहू नका, कारण तुमचा मार्ग याहून जवळचा आहे.

दोनशे डॉलरच्या आतली दुकानातली चोरी न्यू जर्सीत 'डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स', म्हणजे किरकोळ अपराध, ठरते. तिला जास्तीत जास्त सहा महिन्यांचा कारावास होऊ शकतो, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे ती 'क्राइम' या वर्गात मोडत नाही. अशा नोंदीसाठी दंड भरल्यापासून किंवा शिक्षा पूर्ण झाल्यापासून, यांतील जे शेवटी घडले असेल तेव्हापासून, ५ वर्षे झाली की अर्ज करता येतो. तुमची ५ वर्षे केव्हाच उलटली. अर्ज ज्या काउंटीत प्रकरण घडले तिथल्या सुपीरियर कोर्टात करायचा असतो. घटना एडिसनमधलीच असेल तर ते मिडलसेक्स काउंटीचे, न्यू ब्रन्सविकमधले न्यायालय. कोर्टाच्या संगणक प्रणालीतून तो स्वतः भरता येतो आणि त्याला फी नाही. अर्जात जन्मतारीख, अटकेची तारीख, कलम, तक्रारीचा क्रमांक, निकालाची तारीख आणि शिक्षा ही माहिती अचूक द्यावी लागते. कायद्याप्रमाणे सुनावणी ३५ ते ६० दिवसांत ठेवायची असते, पण प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागला तर घाबरून जाऊ नका. आदेश झाल्यावर राज्य पोलिसांकडील नोंद हलायलाही वेळ लागल्याच्या तक्रारी राज्यात झाल्या आहेत. वकील परवडत नसेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी ही संस्था उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना विनामूल्य मदत करते, आणि तिचे कार्यालय तुमच्या एडिसनमध्येच आहे.

आता नागरिकत्वाकडे वळते. १९९६ साली अमेरिकन काँग्रेसने इमिग्रेशन कायद्यात 'दोषसिद्धी' या शब्दाची स्वतंत्र व्याख्या घातली: आरोपीने आरोप कबूल केला असेल किंवा न्यायालयाने त्याला दोषी ठरवले असेल, आणि त्याच्यावर कोणत्याही स्वरूपाची शिक्षा वा बंधन घातले गेले असेल, तर ती दोषसिद्धी. १९९९ साली इमिग्रेशनच्या अपील मंडळाने असा निर्णय दिला, की माणसाला सुधारण्याची संधी म्हणून राज्याने नंतर नोंद पुसली तरी इमिग्रेशनपुरती ती दोषसिद्धी कायम राहते. मूळ खटल्यातच कायद्याची काही खोट होती म्हणून निकाल रद्द झाला, तर गोष्ट वेगळी. दयेपोटी किंवा पुनर्वसनासाठी झाला तर नाही. नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे 'एन-४००', याहून पुढे जातो. तुम्हाला कधीही अटक झाली का, समन्स मिळाले का, पोलिसांनी ताब्यात घेतले होते का, असे तो विचारतो, आणि सोबत बजावतो, की न्यायाधीश, पोलीस वा वकील यांनी 'ही नोंद आता उरलेली नाही' असे तुम्हाला सांगितले असले तरीही ती इथे सांगितलीच पाहिजे. दोन तासांत सोडले म्हणून ती अटक नव्हती, असा बचाव मनात येईल, तर तोही सोडून द्या. तुमचे ठसे घेतले गेले आहेत, समन्स मिळालेले आहे, आणि इमिग्रेशन खाते तुमचे नवे ठसे एफबीआयकडे पाठवणारच आहे.

'हो' लिहिल्याने नागरिकत्व हुकेल, ही तुमची भीती पत्रभर जाणवते. तुम्ही लिहिलेली हकिगत खरी आणि पूर्ण असेल, तर माझ्या मते ती भीती अनाठायी आहे. अर्जदाराचे नैतिक चारित्र्य खाते मुख्यतः अर्जापूर्वीच्या ५ वर्षांत तपासते, आणि तुमची घटना त्याच्या कितीतरी मागे आहे. चोरी हा इमिग्रेशनच्या भाषेत 'नैतिक अधःपतनाचा' गुन्हा मानला जातो, हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो हे मी जाणते. पण आयुष्यात असा एकच गुन्हा असेल, त्याची कमाल शिक्षा एक वर्षाहून जास्त नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आत असेल, तर तो प्रवेशबंदीचे कारण ठरत नाही, असा अपवाद कायद्यातच आहे. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत असा गुन्हा घडला तर ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे खरी, परंतु ती लागू व्हायला त्या गुन्ह्याला एक वर्षाची तरी शिक्षा होण्याची शक्यता असावी लागते, आणि तुमच्या कलमाची मर्यादा सहा महिन्यांची आहे. तुमच्या समन्सवर नेमके कोणते कलम होते, आणि निकाल त्याच कलमाखाली लागला का, हे मात्र कागद पाहूनच ठरते. म्हणून इमिग्रेशन वकिलाला एकदा भेटा, आणि त्यांना कागद दाखवा.

याच्या उलट 'नाही' लिहिले तर काय होते, ते पाहा. शपथेवर दिलेली खोटी साक्ष हे चारित्र्य नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे, आणि ती साक्ष तुम्ही आज देणार असल्याने चारित्र्य तपासण्याच्या मुदतीतच पडते. ती वेळी पकडली गेली नाही तरी धोका टळत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेले नागरिकत्व पुढे न्यायालयातून रद्द करून घेण्याची तरतूद आहे. साठ डॉलरची ती चूक कायदा क्षमा करायला तयार आहे, आणि ते गृहस्थ तुम्हाला तिच्या जागी अशी चूक करायला सांगत आहेत जी क्षमेला पात्र नाही. त्यांचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही. पण इमिग्रेशनविषयी सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना आणि न्याय विभागाने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींनाच आहे, अर्ज भरून देणाऱ्याला नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सविस्तर उत्तर लिहायला बसले, ती सांगते. नोंद बंद करून घेण्याच्या आधी म्युनिसिपल कोर्टात जाऊन निकालाची प्रमाणित प्रत घ्या. एक नव्हे, तीन-चार घ्या. नागरिकत्वाच्या अर्जाला निकालाची प्रमाणित प्रत जोडावी लागते, आणि नोंद बंद झाली असेल तर ती बंद करणाऱ्या आदेशाचीही. पण न्यू जर्सीत नोंद एकदा बंद झाली, की खिडकीवरच्या कारकुनाने 'अशी कोणतीही नोंद नाही' असेच उत्तर द्यायचे, असा नियम आहे. म्हणजे एक सरकार कागद मागते आणि दुसरे सरकार तो नसल्याचे सांगते, अशा कात्रीत अर्जदार सापडतो. मग तो कागद पाहण्यासाठी पुन्हा न्यायालयात अर्ज करून सबळ कारण दाखवावे लागते, आणि त्यात महिने जातात. कागद वेळीच घेऊन ठेवला असता तर एका सकाळीत भागले असते. निकालाच्या प्रतीबरोबर समन्स, पोलिसांचा अहवाल, दंडाची पावती आणि समाजसेवा पूर्ण केल्याचे पत्र हेही मिळवा. घरच्या स्टीलच्या कपाटात लग्नाच्या दाखल्याशेजारी ही फाइल राहू द्या, आणि नागरिकत्व मिळाल्यानंतरही ती टाकून देऊ नका.

हे कागद हाती आल्यावर नोंद बंद करण्याचा अर्ज आधी की नागरिकत्वाचा आधी, हा प्रश्न तितका महत्त्वाचा उरत नाही. नोंद बंद केल्याने नागरिकत्वाला मदतही होत नाही आणि बाधाही येत नाही. मी तुमच्या जागी असते तर वकिलांची संमती घेऊन दोन्ही कामे लागोपाठ हाती घेतली असती, कारण नोकरीसाठी आणि घर भाड्याने घेताना बंद झालेली नोंद खरोखर उपयोगी पडते.

नोकरीविषयी. न्यू जर्सीत १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला अगदी सुरुवातीच्या अर्जात गुन्ह्यांची चौकशी करता येत नाही. २०१५ पासून तसा कायदा आहे. पहिल्या मुलाखतीनंतर मात्र तो विचारू शकतो. नोंद बंद झाल्यावर तुम्ही निर्धास्तपणे 'नाही' म्हणू शकता. न्यायालयीन खाते, पोलीस आणि तुरुंग विभाग यांतल्या नोकऱ्या तेवढ्या अपवाद आहेत, आणि रुग्णालयाचे बिलिंग त्यात येत नाही. पण न्यायाधीशांची सही होईपर्यंत ही मुभा तुम्हाला नाही. या महिन्यात रुग्णालयाचा फॉर्म समोर आला तर प्रश्नातला प्रत्येक शब्द वाचा. 'क्राइममध्ये दोषी ठरला आहात का' एवढाच प्रश्न असेल, तर राज्याच्या कायद्यात तुमचे कलम 'क्राइम' नाही, आणि वकिलांशी बोलून तुम्हाला तसे उत्तर देता येईल. 'कोणत्याही ऑफेन्समध्ये' असे शब्द असतील, तर आजचे खरे उत्तर 'हो' आहे, आणि ते लिहून खाली दोन ओळींत खुलासा द्यावा. बॅकग्राउंड चेक करणाऱ्या खासगी कंपन्यांकडे जुनी माहिती पडून राहते, हेही लक्षात ठेवा. आदेश झाल्यानंतर एखाद्या अहवालात ही नोंद दिसली, तर त्या कंपनीकडे आदेशाची प्रत जोडून लेखी हरकत नोंदवा. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे साधारण ३० दिवसांत तिला तपास करून चूक दुरुस्त करावी लागते.

हे वाचणाऱ्या इतर कोणाचा खटला अद्याप चालू असेल, तर त्यांच्यासाठी इथेच एक सूचना. पहिल्याच किरकोळ आरोपात न्यू जर्सीत 'कंडिशनल डिसमिसल' नावाची सवलत मिळते. त्यात आधी आरोप कबूल करायचा, मग वर्षभर नीट वागल्यावर खटला निघून जातो. राज्यापुरता हा सौदा चांगला आहे. परंतु १९९६ ची ती व्याख्या आठवा: कबुली आणि बंधन या दोन्ही गोष्टी झालेल्या असल्याने इमिग्रेशनच्या लेखी ती दोषसिद्धी ठरू शकते. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाने त्या कबुलीआधी आपल्या वकिलाला इमिग्रेशनच्या परिणामांविषयी स्पष्ट विचारावे. परिणाम उघड असतील तर ते सांगणे हे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ठरवले आहे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

राहिला सासरचा प्रश्न. नोंद बंद करण्याच्या प्रक्रियेत कोर्टाकडून घरी पत्रे येऊ शकतात, एवढीच काय ती उघडी बाजू. सासूबाई-सासरे सध्या तुमच्याकडे राहायला असतील तर टपाल आपण स्वतः काढत जा, किंवा वकिलांच्या पत्त्यावर मागवा. न्यायालय वा इमिग्रेशन खाते कुटुंबातल्या कोणाला काही कळवत नाही. त्यांना सांगावे की नाही, हे तुम्ही आणि तुमचे पती ठरवा. या अर्जांसाठी ते सांगणे गरजेचे नाही. नागरिकत्वाच्या मुलाखतीला पती सोबत आले तरी ते बाहेरच्या खोलीत बसतील, आत अधिकारी, तुम्ही आणि हवा असेल तर तुमचा वकील एवढेच असतील. अधिकारी तो प्रश्न विचारतील तेव्हा फाइल पुढे ठेवून सांगा, की २०१६ मध्ये दुकानातून सामान उचलल्याबद्दल मला समन्स मिळाले, मी आरोप कबूल केला, दंड भरला, समाजसेवा केली, त्यानंतर काही घडलेले नाही, आणि हे सगळे कागद येथे आहेत.